सहाव्या पानावरचे हेडफोन

हे कुणी खरं मानणार नाही, पण बाउदिलियो मास्तरांनी एकदा नुसता हवामानाचा अंदाज वाचून एकशे चाळीस माणसांना रडवलं होतं. पिनार देल रिओच्या त्या चिरूट कारखान्यात ही गोष्ट अजून सांगतात. पाऊस आला की नाही, ते मात्र कुणाला आठवत नाही.

मास्तरांचं काम वाचायचं. खाली बाकांच्या रांगांवर माणसं तंबाखूची पानं वळत बसत आणि मास्तर समोरच्या चौथऱ्यावर माइक धरून सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी वाचत. वाचलेलं आवडलं की खालची माणसं पान कापायची पाती फळीवर वाजवत. नाही आवडलं की ती जमिनीवर टाकत. एकतीस वर्षांत मास्तरांसाठी पाती जमिनीवर पडली ती दोनदाच, आणि त्यातली एक कुणाच्या तरी हातातून निसटली होती असं त्यांचं म्हणणं. छापलेल्यात त्यांनी पदरचा स्वल्पविरामसुद्धा कधी घातला नव्हता. याचा त्यांना गर्व होता आणि त्यांच्या बायकोला कंटाळा.

तिसऱ्या रांगेत नेरेइदा बसे. तिच्या हातासारखा हात कारखान्यात दुसरा नव्हता. तिनं वळलेला चिरूट समोर आला की माणूस आपोआप ताठ बसायचा. पण मास्तरांचं लक्ष तिच्या पातीवर. आधी ती वाजायची, मग अख्खं दालन वाजायचं.

तीन आठवड्यांपूर्वी नेरेइदा हेडफोन घालून आली. बिनवायरचे, काळे, कानांवर चपटे टेकणारे. पनामाहून बॅगा भरभरून माल आणणारी एक बाई होती, तिच्याकडचे सगळ्यांत स्वस्त. डावीकडचा सांधा पहिल्याच आठवड्यात गेला, तिथे तिनं जखमेवरची चिकटपट्टी लावली. त्या दिवसापासून नेरेइदाची मान डुलत होती आणि पाती गप्प होती. नवी कादंबरी अजून आली नव्हती, म्हणून दुपारीही वर्तमानपत्रच. मास्तरांनी ऊस वाचला, दूध वाचलं, मंत्र्यांचा दौरा वाचला. पाती गप्प.

बुधवारी मुकादम कासिमिरो चौथऱ्यापाशी आला.

"मास्तर, आणखी नऊ जणींनी त्या पनामावालीला हेडफोन आणायला सांगितलेत. उद्या दुपारी हात वर करून मत घेऊ. वाचन ठेवायचं की नाही."

"नेरेइदा काय म्हणते?"

"विचारलं ना तिला."

"मग?"

"म्हणाली, 'आं?'"

मास्तर घरी जाऊन भात आणि काळे घेवडे जेवले. नेरेइदाचा हात जिकडे जाईल तिकडे सगळे हात जाणार. वाचनाशिवाय त्यांना काही येत नव्हतं. चिरूट वळायचा त्यांनी तरुणपणी एकदा प्रयत्न केला होता, तो चिरुटापेक्षा उशीसारखा जास्त दिसत होता.

गुरुवारी सकाळी वर्तमानपत्र आलंच नाही. सायकलवाल्याची साखळी तुटली म्हणे. मास्तरांच्या बगलेत कालचा अंक होता. त्यांनी तो उघडला, घोटभर पाणी घेतलं, घसा साफ केला आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा कागदावर नसलेलं वाक्य वाचलं.

"सिएनफुएगोस. येथील एका इसमाने स्वस्तातले बिनवायरचे हेडफोन सलग चार महिने कानांवर ठेवले. ओळखपत्राचा फोटो काढायला गेला असता त्याचे कान डोक्याला इतके चपटे बसलेले आढळले, की कारकुनाने 'कान आणल्याशिवाय येऊ नका' असे सांगून त्यास परत पाठवले."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. नेरेइदा चिरुटावर गुंडाळायचं वरचं पान ओलं करून ताणत होती.

"ओल्गीन. एका गृहिणीने आपले हेडफोन विसरून खुराड्यावर ठेवले. आतील गाणे कोंबड्यांना आवडले. तेव्हापासून त्या तालावर अंडी देतात. गाणे संथ असेल तर दिवसाला एक. लग्नाच्या वरातीचे लावल्यास शेजाऱ्यांना टोपल्या घेऊन बोलवावे लागते."

आता पात्या वाजायला लागल्या. मागून, डावीकडून, खिडकीजवळून.

"अहो मास्तर," झुलेमा ओरडली. ही नेरेइदाच्या शेजारी बसे आणि वाचन चालू असताना सकाळी सात ते दुपारी चार आपल्या सुनेबद्दल बोले. "मास्तर, ते हेडफोन कुठे मिळतात ते दिलंय का? आमची सून काही घालत नाही, निदान कोंबड्या तरी घालतील!"

"झुलेमाबाई, ते छापलेलं नाही."

"कुठल्या पानावर आहे हो हे?" तिनं विचारलं.

"सहाव्या," मास्तर म्हणाले आणि आवाज न थरथरता पुढे गेले.

"बाराकोआ. एक कोळी हेडफोन घालून समुद्रात गेला. किनाऱ्यापासून तीन मैलांवर त्यात बायकोचा आवाज आला, 'कांदे विसरलास.' तो परतला, कांदे घेतले, पुन्हा गेला. पाच मैलांवर पुन्हा आवाज, 'लसूण.' सध्या तो मासेमारी सोडून भाजी विकतो."

दालन दणाणलं. मुकादम कासिमिरोसुद्धा दाराच्या चौकटीवर बोटांनी ठोकत होता. पण मास्तरांना बाकी एकशे एकोणचाळीस पात्या ऐकू येत नव्हत्या. त्यांना तिसऱ्या रांगेतली एक हवी होती, आणि ती पानाची कड कापत होती, सरळ, सावकाश, एका रेषेत. मान डुलत होती. त्या चपट्या काळ्या चकत्यांमध्ये कुठला तरी गवई मास्तरांचा घास खात होता.

मास्तरांनी पान उलटलं. उलटायला उरलेलं ते शेवटचं पान.

"रेमेदिओस," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज आपसूक खाली आला, जसा तो फक्त दुपारच्या कादंबरीत यायचा. "येथील एक उत्तम चिरूट वळणारी बाई. तिने जानेवारीत हेडफोन एकदा चार्ज केले. ते सप्टेंबरपर्यंत वाजत राहिले. अडीचशे दिवस, क्षणभरही न थांबता. घरच्यांनी हाका मारल्या, तिला कळले नाही. नातू झाला, कळले नाही. समोर एक म्हातारा रोज तिच्यासाठी वाचत असे, तो एक दिवस यायचा बंद झाला, तेही कळले नाही. आणि बॅटरी अजून..."

पाती फळीवर आपटली. एकदाच. नेरेइदानं हेडफोन ओढून गळ्यात घेतले, चिकटपट्टीचा सांधा करकरला.

"खोटं!" ती म्हणाली. "धादांत खोटं! हे एका चार्जवर बावीस तास चालतात, मी घरी घड्याळ लावून मोजलेत. आणि मंगळवारपासून आमच्या गल्लीत वीज नाही, हे मेलेत. इथं तर मी ते कधी चालूच केले नाहीत. झुलेमाची सून कानात जाऊ नये आणि तुमचा माइक तेवढा यावा म्हणून घालते. मान डुलते ती तुमच्या आवाजावर. पाती वाजवली नाही म्हणून रुसलात? तीन आठवडे ऊस आणि दूध वाचलंत, त्याला काय वाजवू? आणि मास्तर, तो पेपर कालचा आहे. सहाव्या पानावर बटाटे आहेत!"