आकडे तुहे, कान माहे

“सोडा!” माधवी ओरडली, पण देवरावचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उठलाच नाही.

मांडीवरच्या लॅपटॉपवर हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा आकडा अकरावरून बारावर गेला आणि तेराकडे सरकू लागला. टर्बोची शिट्टी चढत होती. तेवढ्यात इंजिनाच्या गर्जनेखालून तिला तो आवाज आला, पत्र्यावर मूठभर खडी फेकल्यासारखा. ती पुन्हा “सोडा!” म्हणाली आणि वाट न पाहता कळ दाबून इंजिनाचं पेट्रोल तोडलं. गाडीला हिसका बसला. दोघंही सीटच्या पट्ट्यांमध्ये पुढे फेकले गेले आणि लाल गाडी सागांच्या सावल्यांतून घरंगळत कडेला थांबली.

“का झालं?” देवराव तिच्याकडे वळला. “थांबाचं होतं तं सांगाचं ना, पोरी! असं मधातच तोडतेत का?”

ओरडून माधवीचा घसा अजून चुरचुरत होता.

“सांगतलं नं, भाऊ. दोनदा सांगतलं. नॉकिंग आली होती.”

“नाई, नाई. आवाज तं साफ होता. मी ऐकूनच राह्यलो होतो.”

एवढं बोलून तो आरसा नीट करायला लागला. आरसा नीटच होता.

आता ती स्वतःच्याच कानांविषयी साशंक झाली. वडशात देवराव मेश्रामच्या कानांवर शंका घेणारा माणूस नव्हता. बॉनेट उघडायच्या आधी, गाडी गल्लीत वळतानाच तो दुखणं सांगायचा. ट्रकवाले कुरखेड्याहून, चामोर्शीहून त्याच्याकडे यायचे. माधवी त्याच गल्लीतली. शाळा सुटली की दप्तरासकट त्याच्या गॅरेजात बसायची, आणि इंजिन बोलत असताना आपण गप्प बसायचं, हे ती तिथेच शिकली होती. पुढे ती इंजिनिअर झाली, पुण्यात गाड्यांचे संगणक जुळवायचं काम करू लागली, तरी तिचा गुरू तोच होता.

म्हणूनच गेल्या महिन्यात त्याचा फोन आला तेव्हा ती चक्रावली होती. राइस मिलवाल्या कुलदीपने नागपूरहून एक जपानी गाडी आणली होती, इंजिन निकामी झालेली. या इंजिनात पिस्टनच नसतो. पोकळ पोटात एक तिकोनी लोखंडी ठोकळा गरगर फिरतो, आणि त्याच्या तिन्ही कोपऱ्यांवरच्या नखाएवढ्या जाडीच्या पट्ट्या सगळा दाब धरून ठेवतात. पेट्रोल कमी पडलं, आत अवेळी भडका उडाला, म्हणजे नॉकिंग झाली, की पट्ट्यांचे तुकडे होतात आणि खेळ खलास. पहिल्या मालकाचं तेच झालं होतं. देवरावने हिवाळाभर खपून इंजिन नव्याने बांधलं. पट्ट्या परदेशातून आल्या होत्या, आणि आता तुटल्या तर दुसऱ्या मिळायच्या नव्हत्या. हे सगळं समजण्यासारखं होतं. समजत नव्हतं ते वेगळंच. आकडे भरायचा संगणक बसवायचं कुलदीपच्या डोक्यात नव्हतं, तो हट्ट देवरावचा होता. लॅपटॉप लावणाऱ्या मेकॅनिकांना जन्मभर हसलेल्या देवरावचा.

“आकडे तुहे, कान माहे,” तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. त्याने गाडी चालवायची आणि इंजिन ऐकायचं. तिने आकडे पाहायचे, आकडा चढला म्हणजे पेट्रोल कमी, तिथे ते वाढवायचं, आणि आकडा फारच चढला की “सोडा” म्हणायचं. नवा वळणरस्ता झाल्यापासून जंगलातल्या या जुन्या रस्त्यावर कोणी येत नव्हतं. तरी लक्ष ठेवायला पलीकडच्या वळणावर भैयाजीला उभं केलं होतं.

“देवराऽऽव!” तिकडून त्याचीच हाक आली. भैयाजी झाडीपट्टीच्या नाटकांत राजा व्हायचा, आवाज नगाऱ्यासारखा. “गाई येऊन राह्यल्या!”

“येऊ दे! आम्ही थांबलोच आहो!” देवराव लगेच ओरडला.

माधवीने लॅपटॉप अर्धवट मिटला. एवढ्या लांबून भैयाजीचं ऐकू येतं, मग हातभर अंतरावरून आपलं का नाही? काल जेवतानाही तसंच झालं होतं. तिने पेट्रोलच्या पंपाचं विचारलं, तर तो “हाव, भात चांगला झाला” म्हणाला आणि त्याची बायको रंभा पटकन भाजी वाढायला उठली. कालची पोर आपल्याला थांब म्हणते, हे याला सोसत नसेल का? मग पुण्याहून बोलावलं कशाला? की चूक आपलीच, आपण भरलेले आकडेच वेडेवाकडे?

देवराव उतरला. त्याने बॉनेट उघडून एक प्लग काढला आणि त्या भोकावर तळहात धरून तिला स्टार्टर मारायची खूण केली. हवेचे धक्के तळहातावर बसत होते तसे तो डोळे मिटून ओठ हलवत होता.

“धक्के सारखे आहेत. पट्ट्या वाचल्या.”

पूर्वी तो असं हात लावून पाहत नसे. नुसता ऐकायचा. ती गाडीतून उतरली तेव्हा तो प्लग उन्हात धरून फिरवत होता. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके तिला लांबूनच दिसले. भडका उडाल्याचीच ती खूण होती. म्हणजे तिचं बरोबर होतं. देवरावने तो शर्टाच्या टोकाला पुसला, बराच वेळ पुसला, आणि काही न बोलता परत बसवला.

माधवीचा गोंधळ अजूनच वाढला. चूक झाली तर ओरडणारा हा माणूस. स्वतःची असली तर दुप्पट ओरडणारा.

इंजिन थंड होईपर्यंत दोघं मोहाच्या झाडाखाली बसले. भैयाजी गाई हाकत लांब गेला होता. उन्हं चढली होती आणि झाडाझाडावरच्या किड्यांनी किर्र सूर धरला होता. एकाने थांबावं तर दहांनी उचलावं. कानात सळई फिरवल्यासारखं होत होतं. माधवीने पाण्याची बाटली गुडघ्यात धरून एका कानावर हात ठेवला.

देवरावने खोडाला डोकं टेकवलं आणि डोळे मिटले.

“इथी आलं का किती शांत वाटते, नाई?” तो म्हणाला. “साधं पाखरू बोलत नाई.”

तिचा हात कानावरून हळूच खाली आला.

“भाऊ,” ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. तो तसाच बसून होता. चेहऱ्यावर समाधान होतं.

तिने पुन्हा हाक मारली नाही. भैयाजीचा जाड आवाज याला पोचत होता. तिचा बारीक आवाज, ही किरकिर, पत्र्यावरची खडी, यातलं काहीच पोचत नव्हतं. त्याला हे ठाऊक होतं का? संगणकाचा हट्ट धरला त्या अर्थी असावं. पण मग “कान माहे” का म्हणाला? तिला दोन्ही खरं वाटलं आणि दोन्ही एकत्र कसं खरं असेल ते कळेना. विचारावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण ती नुसतं पाणी प्याली.

पुन्हा गाडीत बसल्यावर तिने लॅपटॉप डाव्या मांडीवर सरकवला आणि उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. मग पूर्ण त्याच्याकडे वळली, त्याला तिचं तोंड दिसेल अशी.

“मी दाबलं का पाय उचलाचा.”

देवरावने त्या हाताकडे पाहिलं. मग समोर, रस्त्याकडे. खांदा दगडासारखा ताठ झाला होता. तो हात झटकेल असं तिला एक क्षण वाटलं.

“बरं,” तो म्हणाला आणि गिअर टाकला.

शिट्टी चढली. सागांच्या रांगा मागे पळू लागल्या. माधवीचे डोळे आकड्यांवर होते आणि कान लोखंडात. आकडा बारावर गेला. तिने खांदा दाबला. पाय तत्क्षणी उठला. तिने पेट्रोल वाढवलं. पुन्हा निघाले, पुन्हा दाबलं, पुन्हा वाढवलं. हळूहळू तिच्या तळव्याखालचा खांदा सैल होत गेला. शेवटच्या फेरीत आकडा वरपर्यंत अकराच्या आतच राहिला. खडी कुठेच वाजली नाही. रस्ता संपेपर्यंत तिने दाबलं नाही आणि त्याने सोडलं नाही.

दुपारी वडशाला पोचले तेव्हा गॅरेजसमोर कुलदीप चारसहा माणसं घेऊन उभा होता. त्याने स्वतः आत बसून इंजिन वाढवलं, कमी केलं, चालूच ठेवून बाहेर आला.

“बोला, देवरावभाऊ. आवाज कसा आहे?”

माणसं गप्प झाली. देवराव बोलेपर्यंत इथे कोणी बोलत नसे. तो बोळ्याने बोटं पुसत होता. पुसता पुसता त्याने मान वर केली आणि बॉनेटच्या पलीकडे उभ्या माधवीकडे पाहिलं.

तिने घाई केली नाही. गाडीजवळ वाकून नीट ऐकून घेतलं. मग मान हलवली.

“साफ आहे,” देवराव म्हणाला.