फिकी राहिलेली पेज

मी एक जुने मातीचे मडके आहे. मित्रांनो, माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच वाटते. तरी ऐकून घ्या.

सोंगेआ शहराजवळच्या डोंगरात एका बाईने मला घडवले, भाजले आणि ओस्मुंडा आजीच्या चुलीशी आणून ठेवले. माझ्यात तोग्वा होत असे. मक्याची पेज शिजवायची, निववायची आणि मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे पीठ तिच्यात कालवायचे. साखरेचा दाणाही न घालता ती गोड होई. लग्नाचे पाहुणे माझी स्तुती करत. पुढे प्लास्टिकच्या बादल्या आल्या आणि मी कोपऱ्यात पडून राहिले.

मग एकदा निरोप आला. आजीचा मुलगा थियोडोसी दूरच्या बंदरातून कित्येक वर्षांनी येणार होता, तोही एका रात्रीपुरता. आजीने मला घासून काढले. तिचे हात थरथरत, म्हणून पेज धाकट्या सुनेने, गौडेन्सियाने केली. घाईत तिने पीठ उकळत्या पेजेतच लोटले.

सकाळी चव पाहिली, तर पेज फिकीच!

"आई, दुकानातली साखर ढकलू का? भावजींना काय कळतंय!"

"साखरेचं पाणी प्यायला तो बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेतोय होय गं?"

मित्रांनो, पेजेतले पिष्ट म्हणजे साखरेच्या कणांची लांबलचक साखळी. ती जिभेला गोड लागत नाही. मोडांमधली विकरे ती साखळी तोडतात, तेव्हा गोडी सुटते. पण फार उष्णतेने विकरांचा आकार बिघडतो, मग त्यांना साखळी धरताच येत नाही.

उखळाच्या तळाशी मूठभर पीठ उरले होते.

"एवढ्याशानं काय होणार?" सून रडकुंडीला आली.

पण विकर काम करताना संपून जात नाही. एक साखळी तोडली की ते दुसरीला लागते. आजीने पेज पुन्हा कोमट केली, माझ्या पोटाला तळवा लावून पाहिला आणि मगच पीठ घातले. दुपारपर्यंत घट्ट पेज पातळ झाली, गोड झाली.

संध्याकाळी थियोडोसी आला. पीतच राहिला.

"आई, तिकडे असं मिळत नाही गं."

"मग राहा की इथंच," आजी हसत म्हणाली.

तो हसला नाही.

मित्रांनो, पेज निवेपर्यंत धीर धरत जा. मोडांतल्या त्या नाजूक कामकऱ्यांना जपा.

पहाटे त्याची बस गेली. माझ्या तळाशी घोटभर तोग्वा उरला होता. तो आजीने कुणालाच पिऊ दिला नाही.