डावीकडचा वाकडा दात

म्हाताऱ्याने जांभई दिली आणि सुनेने आपल्या नवऱ्याचं काम ओळखलं.

इथून सुरुवात केली तर कुणाला काही कळायचं नाही. थोडं मागून.

नवरा कवळ्या बनवायचा. डॉक्टरांकडून तोंडाचा साचा यायचा, तो मेणात एकेक दात बसवायचा, कवळी तयार झाली की बायको ती घासून पॉलिश करायची. कामाच्या त्या एका खोलीवर दोघांचं भागत होतं. मग एका सकाळी तो स्टुलावरून उठताना कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. लग्नात 'वडील नाहीत' म्हणून सांगणाऱ्या या नवऱ्याचे वडील त्यानंतर उगवले. मुलगा शाळेत असताना घर सोडून गेलेले. आता हातपाय थकले, मुलाच्या मागे जे राहिलं त्यातून पोटापाण्याची सोय हवी. राहिली होती फक्त खोली. ती विकली की हिचं काम गेलं.

वाद मिटवणाऱ्या मध्यस्थ बाईंच्या ऑफिसात तिघं बसली.

विचारलं, मध्यस्थ बाईंनी: "मुलाला तुम्ही कधी काही पाठवलंत?"

सांगितलं, म्हाताऱ्याने: "कुठून पाठवणार? दुसरा संसार होता. माझंच मला पुरेना."

सांगितलं, सुनेने, न विचारता: "दुसऱ्या संसाराला बरं पुरलं."

"जन्म तर मीच दिला ना, बाई?"

"जन्म आईने दिला. तुम्ही हजर होतात."

मध्यस्थ बाईंनी हसू आवरलं आणि एका वेळी एकानेच बोला म्हणाल्या. कागद चाळायला त्यांना वेळ लागला. तेव्हा ती जांभई.

वर, डावीकडे, पुढच्या दाताशेजारचा दात किंचित आत वळलेला.

तिला तो आठवत होता. मेणातच पाहून ती म्हणाली होती, "अहो, हा वाकडा बसलाय."

"असू दे. त्यांचा तसाच होता."

"कुणाचा?"

"माणसाचा. तू तुझं काम बघ."

साच्याच्या पाकिटावर नाव असतं. तिने कधी वाचलं नाही. घासायला नाव कशाला लागतं?

विचारलं: "आता शेवटचं. मुलाने यांच्यासाठी कधी काही केलं होतं? केलं असेल, तर संबंध तुटले होते असं मला लिहिता येणार नाही, यांचा हक्क राहील."

सांगितलं, म्हाताऱ्याने: "कसलं काय. त्याने मला दारातही उभं केलं नाही."

आयती साक्ष. सुनेने नुसती मान हलवली असती तरी खोली वाचली असती, आणि कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता. पण तिची नजर त्या दातावरून हटेना. पॉलिश अजून टिकून होतं. काम चोख होतं, आणि ते झालंच नाही असं म्हणायला तिची जीभ उचलेना.

सांगितलं, सुनेने: "केलंय. तुमच्या तोंडात आहे ते."

म्हाताऱ्याला समजायला वेळ लागला. मग त्याने तोंडाशी रुमाल धरला, वरची कवळी काढली आणि उलटसुलट करून पाहिली. ओठ आत गेले तसा तो आणखीच म्हातारा झाला. पुन्हा बसवून म्हणाला, "मी डॉक्टरशी भांडलो होतो. पैसे घेता आणि दात वाकडा बसवता."

"तुमचा तसाच होता म्हणे."

"माझे पडेपर्यंत ओळीत होते." त्याने जिभेने तो दात चाचपला. "वाकडा तिचा होता. त्याच्या आईचा. हाच."

मुलगा विसरला असेल. पोराचं वय ते, आईचं हसू बापाच्या चेहऱ्यावर जाऊन बसलं असेल. किंवा काहीच विसरला नसेल आणि ठरवून बसवला असेल: आता रोज सकाळी हिला घासा. विचारायला माणूस उरला नव्हता.

विचारलं: "मग मी काय लिहू?"

सांगितलं, सुनेने: "खोली विकायची नाही. दात बसवायला मी माणूस ठेवीन. काम चालेल तोवर यांच्या जेवणखाणाचं दर महिन्याला देईन."

म्हातारा कबूल झाला. सही करून उठताना तो टेबलावरून पुढे वाकला, हळूच म्हणाला, "सूनबाई, हा एवढा दात सरळ करून दे. तुझ्यासाठी किती वेळचं काम?"

वेळ काहीच लागला नसता.

"जेवणाचं देईन," ती म्हणाली. "दाताला हात लावणार नाही."