सातच्या आकड्याचा वाकडा उजेड

घड्याळाच्या पडद्यावर अंधारात लुकलुकणारे आकडे काढण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे, म्हणून सगळे त्याला काजवा म्हणत. आकड्याची रेघ केसाएवढी, तिच्याभोवती हिरवट धुकं, बाकी सारं काळंकुट्ट. काळा भाग बॅटरी खात नाही, हे त्याचं गणित. त्याचा उजेड इतका मऊ, की मांजरसुद्धा त्याच्याकडे बघून डोळे मिटायचं. खोटं वाटत असेल तर मांजराला विचारा.

पण दोन महिन्यांत त्याने बनवलेले घड्याळाचे दोन चेहरे पलीकडच्या रस्त्यावर तोच धंदा करणाऱ्या दाढीवाल्याने त्याच्याआधी बाजारात आणले. तोच उजेड, तेच धुकं. आता शुक्रवारी घड्याळाची कंपनी या दोघांतून एकाचा चेहरा निवडणार होती. काजव्याचा तिसरा चेहराही चोरीला गेला तर वर्षभराची मेहनत पाण्यात.

कामाच्या खोलीची किल्ली दोघांकडे: काजव्याकडे आणि मेहुण्याकडे. मेहुणा प्रोग्राम लिहायचा आणि लिहिताना शीळ घालायचा. प्रामाणिक माणूस इतकी शीळ घालतो का? काजव्याने संगणकाला तीन पासवर्ड लावले. खरा चेहरा आत दडवला आणि मंगळवारी मनगटावरच्या घड्याळात एक सापळा चढवला: सातच्या आकड्याचं धुकं मुद्दाम डावीकडे सांडलेलं.

बुधवारी दाढीवाल्याच्या नव्या चेहऱ्यावर सात डावीकडे सांडला होता.

"बोल!" काजव्याने मेहुण्यापुढे फोन आपटला. "हा वाकडा सात बाहेर गेला कसा?"

"कुठला सात?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस!"

"भाऊजी, तीन पासवर्ड लावलेत तुम्ही. दोन दिवस मी नुसता स्क्रीनसेव्हर बघतोय. मला सात दिसलाय कुठे?" मेहुण्याने शीळ थांबवली. "ताईला सांगू का, तुम्ही मला चोर म्हणालात ते?"

"तिला मध्ये आणू नकोस."

"मग सांगा, सात होता कुठे?"

"माझ्या मनगटावर."

"आणि मनगट?"

काजव्याने झटकन बाही खाली ओढली. उजेड पारखायला खरा अंधार लागतो, म्हणून तो रोज दुपारच्या खेळाला सिनेमागृहात जाऊन बसायचा. पडद्याकडे पाठ असती तरी चाललं असतं. याची नजर मनगटावर. बाही कोपरापर्यंत वर, हात वर धरलेला. मागच्या रांगेत तोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस रोज यायचा. काजव्याला वाटायचं, बिचाऱ्याला सर्दी आहे. रुमालाखाली दाढीही मावते, हे आत्ता लक्षात आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही घरच्या माणसाला लाथा घालत!

"मग उद्यापासून जाऊच नका," मेहुणा म्हणाला.

"जाणार," काजवा म्हणाला. "पण तू एक चेहरा बनवून दे. देखणा हवा, आणि खादाड."

गुरुवारी काजव्याच्या मनगटावर असा झगझगीत चेहरा होता, की पुढच्या रांगेतल्या बाईंनी पर्समधून चष्मा काढून शिवणकाम सुरू केलं. काळा ठिपका औषधालासुद्धा नव्हता. मागे फोनच्या कॅमेऱ्याची टिकटिक झाली. काजवा वळला नाही. उलट हात आणखी वर धरला.

शुक्रवारी दाढीवाल्याचं घड्याळ कंपनीच्या टेबलावर ऐटीत उजळलं आणि साहेबांचा पहिला चहा संपायच्या आत बॅटरी संपून मान टाकून बसलं. काजव्याचा खरा चेहरा संध्याकाळपर्यंत मंद जळत राहिला. काम त्यालाच मिळालं.

शनिवारी दुपारी बायकोने कपाट उघडलं, तर कोटांच्या मध्ये नवरा आणि भाऊ अंग चोरून उभे, दोघांच्यात एक हिरवा सात.

"सिनेमा बंद झाला का तुमचा?"

"इथे मागची रांग नाही," काजवा म्हणाला.

"दार लाव गं ताई," मेहुणा म्हणाला. "भाऊजींनी आधी सगळ्या कोटांचे खिसे तपासलेत. माझेसुद्धा."