रोग पिणारी चांदी

बाबाने लाल कापडाखालून नाणं बाहेर काढलं आणि साकीनाक्याजवळची ती पत्र्याची शेड ओरडून उठली. मघाशी लखलखणारी चांदी कोळशासारखी काळी झाली होती.

"बघा! ताप ओढला चांदीने!" बाबा गरजला. "आपली चांदी घोटभर रोग पिते. ही अमेरिकेची! तिकडे रोगराईच नाही, म्हणून बिचारी जन्माची उपाशी!"

कुणी हसलं नाही. लोकांनी हात जोडले. भिंतीवर ॐ, चंद्रकोर आणि क्रूस शेजारी शेजारी रंगवलेले होते. गिऱ्हाईक कुठलंही चालत होतं.

चटईवर मॉनिका पडली होती. माझ्या घरमालकिणीची, कॉन्सेप्टाची, अकरा वर्षांची एकुलती एक मुलगी.

ही १९६७ सालची गोष्ट. मी अंधेरीच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते आणि मरोळ गावठाणात कॉन्सेप्टाकडे खोली घेऊन राहत होते. तिचा नवरा गिल्बर्ट मालवाहू जहाजावर होता. अमेरिकेच्या बंदरात उतरला की बँकेतून चांदीचा डॉलर घेऊन यायचा. तीनेक वर्षांपूर्वीपर्यंत तिथे नोट दिली की तो मिळत असे. घरी आला की मला हौसेने दाखवायचा.

"टीचर, कडेनेच धरायचं. पुसायचं तर अजिबात नाही. नाण्यावरच्या ह्या बाईच्या कानावरचे केस बघा. पहिली झीज तिथे. मग मागच्या बाजूला, गरुडाच्या छातीवर. केस न् केस दिसला तर नाणं झकास, शौकीन माणूस मागाल ती किंमत देतो. केस सपाट झाले, की उरला नुसता चांदीचा भाव."

बाबानेही कॉन्सेप्टाचं नाणं कडेनेच धरलं होतं. उजेडात तिरकं करून दोन्ही बाजू नीट न्याहाळल्या होत्या आणि मगच मान डोलावली होती. ते मला खटकलं. मग मॉनिकाच्या कपाळावर ओली राख थापून, वर लाल कापड टाकून त्याने नाणं खाली सरकवलं होतं. त्या राखेला सडक्या अंड्यांचा वास येत होता. रोग बाहेर पडतोय, असं तो सांगत होता.

परतताना मी म्हटलं, "कॉन्सेप्टा, तो वास गंधकाच्या औषधाचा आहे. त्याने चांदी काळी पडतेच. पोरीला इस्पितळात ने."

"टीचर, सकाळी अंग निवतं ना तिचं? गुण येतोय. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला सगळं खोटंच दिसतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "फादरना बोलू नका हां."

संध्याकाळी ताप पुन्हा चढायचा. बाबा आणखी एक नाणं मागायचा. गिल्बर्टची नाण्यांची पेटी रिकामी होत गेली. एका सकाळी मॉनिकाचं पोट फळीसारखं ताठ झालं. शेजाऱ्यांनी आणि मी तिला उचलून टॅक्सीत घातलं.

"टायफॉइड," डॉक्टर म्हणाले. "आतडं फुटलंय. ह्याच्यावर औषध आहे हो! इतके दिवस काय करत होता?"

  दुपारी मॉनिका गेली.

गिल्बर्ट आला तो कबरीवरच. घरी आल्यावर कॉन्सेप्टाने त्याच्यापुढे एक काळं नाणं ठेवलं. काळी झालेली नाणी खाडीत टाक, असं बाबाने बजावलं होतं. शेवटचं तिच्याच्याने टाकवलं नव्हतं.

गिल्बर्टने ते खिडकीशी नेलं. खूप वेळ पाहिलं.

"हे माझं नाही."

"तुझंच रे. माझ्या डोळ्यांसमोर काळं झालं."

"काळं होऊ दे. केस कुठे गेले? गरुड बघ, सपाट झालाय. नाणं झिजायला वर्षानुवर्षं खिशातून फिरावं लागतं, कॉन्सेप्टा. कापडाखाली झिजत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं शेडमध्ये गेलो. रांग होतीच. मी माझा चांदीचा छल्ला सगळ्यांदेखत बाबाच्या राखेत दाबला आणि ती राख दारातल्या दगडावर थापली. थोड्या वेळाने छल्ला काळाठिक्कर निघाला.

"बाबा, दगडाला ताप होता का?"

बाबा उठायला लागला. गिल्बर्टने त्याला ढकलून गादी उलटली. खाली कापसात गुंडाळलेली चकचकीत नाणी होती, त्यात गिल्बर्टचे डॉलरही. राखेच्या परातीत हात घातला तर झिजलेली नाणी निघाली, आधीच काळी करून ठेवलेली. कापडाखाली अदलाबदल व्हायची. चांगल्या नाण्याला तो राख लागूच देत नसे. डाग पडला तर शौकीन भाव देणार नव्हता.

रांगेमागून सुंदराबाई पुढे आली. तिथल्याच एका कारखान्यात ती झाडू मारायची.

"माझा जुना चांदीचा रुपया ह्याने फेकून दिला होता," ती म्हणाली. "राजाचं तोंड झिजलंय, शक्ती नाही म्हणाला. मग रडत रडत नातवाला दवाखान्यात नेलं. टायफॉइडच निघाला. वाचला पोरगा."

कॉन्सेप्टा तिथेच मातीत बसली. तिची नाणी चांगली होती. हाच तिच्या पोरीचा गुन्हा.

पोलीस बाबाला घेऊन गेले. काही महिन्यांत तो सुटला आणि देवनारकडे बसायला लागला, असं कानावर आलं. आमच्या गल्लीतही दोघीतिघी म्हणाल्या, गिल्बर्टने संशय घेतला म्हणून बाबाची शक्ती गेली. मी त्यांना राख आणि छल्ला आणून दाखवला. त्यांनी तोंड फिरवलं.

तरी सांगते. चांदी गंधकाने काळी पडते, पापाने नाही, रोगाने नाही. कुणी चमत्कार दाखवला तर वस्तू हातात घ्या, उजेडात धरा, प्रश्न विचारा. चिडणाऱ्याला आणखी विचारा. पण घरात पोर तापाने फणफणलं असेल, तर प्रश्न विचारायलाही थांबू नका. आधी डॉक्टर गाठा.