सभेने लावलेले कुलूप

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, गिरडजवळच्या एका लहान गावातल्या शाळेचा. कायद्याच्या गोष्टी दरवाजाने बोलाव्यात की नाही, मला नक्की ठाऊक नाही. चुकलो तर सांभाळून घ्या.

माझे लाकूड सागाचे. सुताराने मला बसवले तेव्हा गुरुजी माझ्यावरून हात फिरवून म्हणाले होते, "आता वर्गात कुत्री शिरणार नाहीत." पुढे मुलांनी माझ्यावर खडूने नावे लिहिली, सुट्टीत धडका दिल्या. संध्याकाळी मला नुसती कडी लावत. कुलूप मला माहीतच नव्हते.

मग करोना आला. मुले घरी बसली आणि बाहेरून येणाऱ्यांना शाळेत वेगळे ठेवू लागले. गावची सून पंचफुला नागपूरच्या दवाखान्यात वडिलांना पाहायला गेली होती. अंगावर पिणारे बाळ सासूजवळ, शोभाबाईंजवळ, ठेवले होते. ती लगेच परतली, पण तोवर पारावर सभा भरली होती. सगळ्यांनी हात वर केले, तिला वर्गात बसवले आणि मला बाहेरून कुलूप लागले. लोकांची भीती खरी होती. वेगळे ठेवणेही बरोबर असेल. पण कोणाच्या हुकमाने आणि कधीपर्यंत, हे कोणीच विचारले नाही.

तपासणी झाली. गावची आशा सेविका पौर्णिमा अंगणातूनच ओरडली, "वयनी, रिपोट निगेटिव्ह आला तुमचा!"

पंचफुला आतून माझ्यावर थापा मारू लागली. "बबनभाऊ, खोला आता! लेकरू भुकेलं असन."

किल्ली पोलीस पाटील बबनरावांकडे होती. ते लांबूनच म्हणाले, "मी कसा खोलू वो बाई? सभेनं ठेवलं, सभाच सोडीन."

"मंग घ्या ना सभा!"

"घेता येत नाई. जमावबंदी हाये."

"मले कोंडाले जमले तवा कुठी गेलती जमावबंदी?"

बबनराव पाठ फिरवून चालू लागले. किल्ली खिशातच राहिली.

तिच्या नवऱ्याने, हरिदासने, तहसीलला फोन लावला. उत्तर आले, "ठेवण्याचा हुकूम आम्ही दिलाच नाही, तर सोडण्याचा कसा देणार?"

"म्हंजे माही बायको कोंडलेलीच नाई!" तो फोनकडे पाहून म्हणाला. मी तर तिथेच होतो, कुलपासकट.

शोभाबाई बाळाला घेऊन अंगणात यायच्या. त्याचे रडणे माझ्या फटीतून आत जायचे आणि पंचफुला मला कपाळ टेकून बसायची. दूध दाटून तिला ताप भरला, तर बबनराव म्हणाले, "पाहा, आलाच ना ताप!"

"तो दुधाचा ताप हाये, काका!" पौर्णिमा चिडली. तिनेच तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून आणले.

बाईंनी विचारले, "कोणत्या आदेशाने कोंडलंय हिला?" बबनरावांनी पाराकडे बोट दाखवले. "मग उघडा."

बबनरावांनी किल्ली लावली आणि मी उघडलो. पंचफुलाने बाळाला पदराखाली घेतले. बाळाने तोंड फिरवले आणि आजीकडे हात केले. त्याला वाटी-चमच्याची सवय झाली होती.

मित्रांनो, साथ पुन्हा येईल. माणसांना वेगळे ठेवावेही लागेल. पण कुलूप लावण्याआधी ते कोण उघडणार आणि कधी, एवढे ठरवा. मला ऊन-पावसापासून जपले नाही तरी चालेल. फक्त कधीतरी मला कान लावून आतले माणूस काय म्हणते ते ऐका. मला स्वतःहून उघडता येत नाही.