मोंबासाचे घर आणि बिनपाठीचा कोट

मी एक जुना काळा कोट आहे, मित्रांनो, आणि मला पाठ नाही. तो काही अपघात नव्हे. शिंप्याने मला असाच शिवला. सोलापुरातले फोटोवाले वेणीमाधवराव यांनी मला स्टुडिओसाठी करून घेतले. पुढून बटणे, खिसा, कडक इस्त्री. मागे नुसत्या नाड्या. त्यामुळे गिऱ्हाईक ढेरपोटे असो की काडीपहिलवान, मी सर्वांना बेतून शिवल्यासारखा बसे. त्या काळी स्वतःच्या कपड्यांत फोटो काढणे म्हणजे दिवाळीला आंघोळ न करण्यासारखे होते. निम्म्या गावाच्या भिंतींवर मीच टांगलेला असे, फक्त तोंडे वेगळी. मी सुखात होतो.

एकदा रुद्रप्पा आला. तरुणपणी तो आफ्रिकेत, मोंबासाच्या रेल्वे कारखान्यात फिटर होता. तिथे त्याचे पत्र्याचे घर होते. इथे मात्र तो आणि त्याची बायको जगदेवी मेव्हण्याच्या पडवीत राहत. मोंबासाचे घर विकले, की सोलापुरात दोन खोल्या घ्यायच्या होत्या. गिऱ्हाईक तयार होते; पण तिथल्या वकिलाने विचारले, की विकणारा रुद्रप्पा तो तुम्हीच कशावरून? मुखत्यारपत्रावर फोटो लावा आणि त्याखाली मॅजिस्ट्रेटची सही आणा. येत्या आगबोटीने कागद गेला नाही, तर गिऱ्हाईक दुसरे घर घेणार होते.

रुद्रप्पाने रीतीप्रमाणे मला अंगात चढवले, डोक्यावर स्टुडिओची तयार पगडी ठेवली आणि फोटो काढला. राजबिंडा आला. तिथेच घात झाला. कचेरीत मॅजिस्ट्रेटचे काम पाहणाऱ्या मामलेदारसाहेबांनी फोटोकडे पाहिले. मग समोरच्या बंडी-धोतरातल्या, कानांवरून फेटा गुंडाळलेल्या माणसाकडे पाहिले, आणि फोटोतल्या गृहस्थांना घेऊन या, असे सांगितले.

नवा फोटो धुऊन वाळेपर्यंत आगबोट निघून गेली असती. म्हणून वेणीमाधवराव मलाच काखोटीला मारून कचेरीत घेऊन गेले. सरकारी कामाला मी प्रथमच निघालो होतो; माझ्या नाड्या ताठ झाल्या. रुद्रप्पाने मला घातले आणि साहेबांनी मान डोलावली. हुबेहूब. मग त्यांना वाटले, मागूनही पाहून घ्यावे.

“याची पाठ कुठे आहे?”

“ती फोटोत येत नाही, साहेब,” वेणीमाधवराव म्हणाले.

साहेबांना संशय आला. त्यांनी कोंडीबा पट्टेवाल्याला मला घालायला लावले. कोंडीबाही हुबेहूब. मग साहेबांनी स्वतः घातले, आरसा मागवला आणि फोटो शेजारी धरला. साहेबही रुद्रप्पाच निघाले. आता कचेरीत रुद्रप्पा तीन, आणि मोंबासात घर एकच. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. खऱ्या रुद्रप्पाचे तोंड उतरले.

दाराशी उभी असलेली जगदेवी पुढे आली.

“कोट काय बघताय, सायेब? कोटाला कान असत्यात व्हय?” मग ती नवऱ्याकडे वळली. “फेटा वर करा की. लाजून का माझ्या भावाच्या पडवीत म्हातारं व्हायचं हाय?”

रुद्रप्पाने मान खाली घालून फेटा वर केला. उजव्या कानाची पाळी लहानपणी बोकडाने खाल्ली होती. जन्मभर तो ती झाकत आला होता. पण स्टुडिओची पगडी त्याच्या डोक्याला लहान पडली, आणि फोटोत कान उघडा राहिला होता. साहेबांनी फोटोतला कान पाहिला, समोरचा पाहिला, कोंडीबाचे पाहिले आणि स्वतःचेही चाचपून घेतले. मग सही केली.

घर विकले गेले. रुद्रप्पा आणि जगदेवी आपल्या दोन खोल्यांत गेली. पडवीत मेव्हण्याने म्हैस बांधली.

हल्ली ज्याचा त्याचा कोट असतो, पाठीसकट. मी खुंटीवर स्वस्थ असतो. मित्रांनो, जुन्या कोटाला अधूनमधून ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. तो तुम्हाला देखणे करील. मात्र तुम्ही कोण, हे सांगण्याचे काम त्याच्यावर टाकू नका. त्यासाठी जवळ एखादे माणूस जपून ठेवा, ज्याला तुमचे कान ठाऊक आहेत.